जावयाला बोलायचं नाही

जावईबापू परसात उभे राहून नळाकडे बघत होते आणि मावशी स्वयंपाकघराच्या खिडकीतून जावईबापूंकडे बघत होती. माणूस नुसता बघत असला तर त्यात घाबरण्यासारखं काही नसतं. पण ह्यांनी आधी मान तिरकी केली, मग कंबरेत वाकले, मग नळाला गुंडाळलेल्या चिंधीला बोटाने टोचून पाहिलं. मावशीच्या हातातली पळी भांड्यावरच थांबली.

"अहो," ती दबक्या आवाजात नवऱ्याला म्हणाली, "ते नळाकडे बघतायत."

"बघू दे की," नवरा वर्तमानपत्राच्या मागून म्हणाला. "नळच आहे. लाजणार थोडाच."

नवरा उभा जन्म बसमध्ये कंडक्टर होता. निवृत्त झाला तरी गल्ली त्याला कंडक्टरच म्हणे. गर्दी, घाम आणि सुट्ट्या पैशांवरून होणारी भांडणं ह्यांत इतकी वर्षं काढल्यावर माणसाच्या कानाला घट्टे पडतात. बायकोचं बोलणं त्या घट्ट्यांवरून घरंगळून खाली पडायचं. मावशीला गल्ली तोंडावर मावशी म्हणे आणि पाठीमागे फौजदार. हे तिला ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं.

पण आज फौजदाराच्या तोंडाला कुलूप होतं. किल्ली लेकीकडे होती.

लेकीने आदल्या दिवशीच फोनवर बजावलं होतं. "आई, त्यांचं तिकडे काम आहे. एक दिवस राहतील. तू त्यांना एकही वाकडा शब्द बोलायचा नाही."

"मी कधी कोणाला बोलते?"

"मागच्या खेपेला खिळ्यावरून काय म्हणालीस?"

मागच्या खेपेला जावईबापूंनी चाळणी टांगायला भिंतीत खिळा ठोकला होता. खिळा राहिला हातात आणि भिंतीचा पोपडा आला खाली. तेव्हा मावशी कुंपणापलीकडच्या नर्सबाईंना म्हणाली होती, "आमच्या जावयाला खिळा ठोकायला सांगायचं म्हणजे आधी दुसरी भिंत बांधून ठेवावी लागते." जावईबापू मागेच उभे होते. ते हसले, चहा प्यायले, निघून गेले आणि नंतर वर्षभर फिरकले नाहीत.

"ह्या वेळी एक शब्द जरी गेला," लेक म्हणाली, "तर सुट्टीत मी येणार नाही. चिमणीलाही पाठवणार नाही. लिहून ठेव."

"मला कुठे धड लिहिता येतं."

"मग लक्षात ठेव."

चिमणी म्हणजे नात. गांडूळ दिसलं की त्याचं घर कुठे, त्याची आई कुठे, असं विचारत बसण्याच्या वयाची. तिच्यासाठी मावशीने मिरचीच्या कडेचा एक वाफा मोकळा ठेवला होता. माती चाळून, खत घालून, ढेकूळ न् ढेकूळ फोडून. पोरीने यावं आणि स्वतःच्या हाताने बी टाकावं, एवढ्यासाठी. गेल्या सुट्टीत तो वाफा तसाच राहिला होता. शेवटी त्यात पालक लावावा लागला आणि तो पालक मावशीला गोड लागला नव्हता.

तेव्हा मावशीने ठरवलं, की जीभ दातांखाली धरायची. एका दिवसाचा तर प्रश्न.

अडचण एवढीच होती, की ते वर्ष जावईबापूंनी फुकट घालवलं नव्हतं. ते पूल बांधणाऱ्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होते, पण त्यांचे पूल कागदावर. कागदाला खिळा मारावा लागत नाही. सासूचं बोलणं मात्र त्यांना खिळ्यासारखं लागलं होतं. त्यांनी एक लालभडक पेटी विकत घेतली. तीत पान्हे, पकडी, करवत, एवढंच काय, पातळी बघायची पाण्याची काचेची नळीसुद्धा होती. रोज जेवणानंतर दुरुस्तीचे व्हिडिओ बघून त्यांनी वर्षभर अभ्यास केला होता. आता ती पेटी परसातल्या धुण्याच्या दगडावर उघडी पडली होती.

"बाबा," जावईबापूंनी हाक मारली, "नळ गळतोय."

नळ गळत नव्हता. मावशीने तो गळायला ठेवला होता. आटे झिजलेले होते म्हणून तिने चिंधी अशी गुंडाळली होती, की थेंब एका बाजूनेच पडावा. तो पडायचा पुदिन्यावर. पुदिन्याचं पिऊन झालं की उरलेलं पाणी बोटभर पन्हाळीने मिरचीकडे जायचं. ह्या थेंबाच्या जिवावर मावशी दोन दिवस गावाला जाऊन यायची. पण हे सगळं सांगायचं तर आधी "हात लावू नका" म्हणावं लागणार, आणि "हात लावू नका" हा शब्द सरळ की वाकडा, ह्याचा निकाल लेक देणार.

मावशी दारात आली. तोंड उघडलं. बंद केलं. मग तिची नजर नवऱ्यावर गेली आणि तिला वाट सापडली.

"अहो," ती खणखणीत आवाजात म्हणाली, "त्या नळाला हात लावायचा नाही म्हणून तुम्हाला किती वेळा सांगितलंय?"

नवऱ्याने वर्तमानपत्र खाली केलं. "मी खुर्चीवर आहे."

"खुर्चीवर असलात म्हणून काय झालं? चाललेलं काम बिघडवायची खोडच तुम्हाला."

लेकी बोले सुने लागे, हे जगातल्या प्रत्येक सुनेला कळतं. जावयांना ते कोणी शिकवत नाही.

"आई, बाबांना कशाला बोलता," जावईबापू हसून म्हणाले. "त्यांनी नाही, मी लावतोय हात." आणि त्यांनी चिंधी सोडली.

चिंधी सुटल्यावर थेंबाची धार झाली. जावईबापूंना हे अपेक्षितच होतं, व्हिडिओतही असंच झालं होतं. त्यांनी मोठा पान्हा लावला आणि आवळायला सुरुवात केली. नळ कुरकुरला.

"अहो, बेताने," ती नवऱ्याकडे बघत म्हणाली. "हातात जोर आला म्हणून सगळा एकाच जागी काढायचा नसतो."

"मी घडी घालतोय पेपरची," नवरा म्हणाला.

"तीसुद्धा बेताने घाला."

जावईबापूंनी आणखी अर्धा फेरा दिला आणि नळ त्यांच्या हातात आला. अख्खा. एखाद्या पिकल्या फळासारखा. भिंतीतून मनगटाएवढी धार निघाली. ती आधी जावईबापूंच्या छातीवर बसली, तिथून उडून लाल पेटीत आणि पेटी भरल्यावर टोमॅटोच्या वाफ्यात.

"काळजी करू नका," जावईबापू धारेच्या आतून म्हणाले. त्यांनी पाइपाच्या तोंडावर हात दाबला. आता धार तीन बाजूंनी उडायला लागली.

"अहो, गच्चीवर जा," मावशी नवऱ्याला म्हणाली. "टाकीचा कॉक बंद करा. पळा."

मोठ्या आवाजातलं हे पहिलं वाक्य, जे खरोखरच नवऱ्यासाठी होतं. पण सकाळपासून न केलेल्या गुन्ह्यांची बोलणी खाल्लेला माणूस तो. आपल्याला म्हणतेय की जावयाला, ह्याचा अंदाज घेत तो क्षणभर तसाच उभा राहिला.

"तुम्हालाच म्हणतेय," मावशी म्हणाली.

"मघाशीही मलाच म्हणत होतीस."

"आता खरंच म्हणतेय."

तो जिन्याकडे गेला. बस चालू असताना मागून पुढे जावं तसा, एक एक आधार धरत.

इकडे पाणी टोमॅटोतून पालकात आणि पालकातून कोथिंबिरीत शिरलं होतं. कोथिंबिरीची कोवळी रोपं मान टाकून आडवी झाली. हे पाहून जावईबापूंच्या मनातला पूल बांधणारा जागा झाला. पाणी अडवता येत नसेल तर वळवावं, हा त्यांच्या धंद्यातला पहिला धडा.

"आई, तुम्ही जरा इथे हात धरा. मी पाण्याला वाट करून देतो."

मावशीने चिंध्यांचा बोळा पाइपाच्या तोंडात कोंबला आणि दोन्ही तळव्यांनी दाबून धरला. पाणी पुष्कळसं थांबलं. पण आता ती तिथेच जखडली. हात सोडला की धार. जावईबापूंनी कुदळ उचलली आणि परसाच्या मधोमध चर खणायला घेतला. चर सरळ होता. सरळ रेषेच्या बाबतीत ते पक्के होते. वाटेत कांद्याचा वाफा आला, तर रेषा कांद्यातून गेली. पुढे चिमणीचा मोकळा वाफा होता.

मावशीला दिसलं, की रेषा तिकडेच चालली आहे. तिच्या घशात शब्द येऊन उभे राहिले, बस थांब्यावर लोक उभे राहतात तसे. पुढचा मागच्याला ढकलत.

"अहो," ती मान वर करून गच्चीकडे ओरडली, "त्या वाफ्यात कुदळ घालाल तर माझ्याशी गाठ आहे."

गच्चीच्या कठड्यावर नवऱ्याचं डोकं दिसलं. "माझ्याकडे कुदळ नाही."

"नाहीये तेच बरं. तो वाफा सोडून डावीकडे वळायचं, एवढी साधी अक्कल हवी माणसाला."

"इथे डावीकडे पाण्याची टाकी आहे."

"बाबा, तुम्ही कॉकचं बघा," जावईबापू खालून प्रेमाने म्हणाले. त्यांना सासऱ्याची दया यायला लागली होती. बिचारा म्हातारा माणूस गच्चीवर धडपडतोय आणि ह्या बाईचा पट्टा खालून चालूच. पण एक झालं. मान वर करून बघताना त्यांची रेषा थोडी वाकडी झाली आणि वाफा वाचला. मावशीने सुटकेचा श्वास घेतला. तो तिने फार लवकर घेतला, कारण वाकडी झालेली रेषा दुधीच्या मांडवाकडे गेली होती.

मांडव चार खांबांवर उभा होता आणि त्यावर दुधी लोंबत होते. चराचं पाणी भसाभसा जाऊन एका खांबाच्या बुडाशी साचलं. माती ढिली झाली. खांबाने आधी नमस्कार केल्यासारखी मान लववली, मग कंबर. अख्खा मांडव एका अंगाला झुकला, दुधी एकमेकांवर आपटू लागले.

जावईबापूंनी कुदळ टाकली आणि धावत जाऊन खांदा दिला.

"धरलाय," ते म्हणाले. "दोर आहे का, आई?"

"अहो, दोर कुठे आहे ते ह्यांना माहीत," मावशी कोणाकडेच न बघता म्हणाली.

"कोठीच्या खिळ्याला," गच्चीवरून आवाज आला. "पण कॉक फिरत नाहीये. गंजलाय. ह्याला वर्षानुवर्षं कोणी हात लावलेला नाही."

"इतकी वर्षं तुम्ही काय करत होता मग?"

"हात लावायचा नाही म्हणून सांगितलं होतंस."

मावशीने बोळा आणखी घट्ट दाबला.

दोर जावईबापूंनीच आणला. तेवढ्या वेळात मांडव आणखी हातभर खाली आला होता. दोराचं एक टोक त्यांनी खांबाला बांधलं, दुसरं बांधायला मजबूत जागा शोधली आणि फाटकाची निवड केली. फाटक लोखंडी होतं, हे खरं. पण ते दाराचंच काम करत होतं, म्हणजे उघडझाप करत होतं. मांडवाचा भार पडताच कडी निघाली आणि फाटक सताड उघडं होऊन ताणलेल्या दोराबरोबर तसंच राहिलं.

फाटकाबाहेर नर्सबाईंची शेळी बांधलेली होती. निदान सकाळपर्यंत तरी बांधलेली होती. शेळीने उघड्या फाटकाकडे पाहिलं. उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं आणि निमंत्रण असल्यासारखी आत आली. आधी घेवडा, मग वांग्याचे शेंडे. घाई नाही, गडबड नाही. बसून जेवणाऱ्याच्या शांतपणाने ती उभ्याने जेवायला लागली.

जावईबापू मांडव सोडून शेळीकडे जाऊ शकत नव्हते, कारण फाटकाने दगा दिल्यावर त्यांना पुन्हा खांदा द्यावा लागला होता. मावशी नळ सोडू शकत नव्हती. नवरा कॉक सोडायला तयार होता, पण कॉक नवऱ्याला सोडत नव्हता, कारण टाकीपाशी पडलेला एक जुना पान्हा त्याने लावला होता तो अडकून बसला होता आणि त्याच्या सदऱ्याची बाही पान्ह्यात. घरातली तिन्ही माणसं तीन जागी खिळली होती आणि मोकळी अशी एकटी शेळी होती.

नेमका तेव्हाच फोन वाजला. तो धुण्याच्या दगडावर होता, मावशीच्या कोपरापाशी. फोन लेकीचा होता. उचलला नाही तर तिला शंका येणार, उचलला तर तोंडातून काय निघेल ह्याचा भरवसा नाही. मावशीने कोपराने पडदा दाबला. आवाज मोठ्याने ऐकू यायला लागला.

"आई, काय चाललंय?"

"काही नाही गं," मावशी मधासारख्या आवाजात म्हणाली. "आम्ही परसात आहोत. सगळे मिळून."

"हे कुठेयत?"

"मांडवाखाली आहेत. सावलीला."

शेळीने मिरचीकडे मोर्चा वळवला. मिरचीच्या पलीकडे चिमणीचा वाफा, मऊ, चाळलेला, चार पायांनी तुडवायला अगदी तयार.

"आई, चिमणी विचारतेय, तिची जागा आहे ना?"

"आहे," मावशी म्हणाली आणि शेळीने पहिला पाय वाफ्यात टाकला. "आहे गं, माझ्या चिमणे, अजून तरी आहे. अहो. अहो, तुम्हाला डोळे दिलेत ते कशाला? समोर शेळी शिरलीय आणि तुम्ही खांब कवटाळून बसलाय. नळ तोडायला कोणी सांगितलं होतं तुम्हाला? चर खणायला कोणी सांगितलं होतं? फाटकाला दोर बांधतं का कोणी?"

"आई," फोनमधून लेकीचा आवाज थंड झाला, "कोणाला बोलतेयस?"

"तुझ्या बाबांना," मावशी म्हणाली.

वरून नवऱ्याचा आवाज आला, एखाद्याने बिनतिकिटाचा दंड मुकाट्याने भरावा तसा. "हो गं. मलाच."

"ठीक आहे," लेक म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

त्या क्षणी गच्चीवर काहीतरी कडकन मोडलं. बाही फाटली आणि कॉक फिरला. मावशीच्या तळव्याखालची धार मंदावली, थेंब थेंब झाली, थांबली. मावशी चिखलातून धावली. शेळीचा कान धरून तिला फाटकाबाहेर काढलं, नर्सबाईंच्या स्वाधीन केलं आणि परत येऊन चिमणीचा वाफा पाहिला. चार खुरांच्या खुणा होत्या. त्या हाताने बुजवता येण्यासारख्या होत्या. ती वाफ्याशेजारी मटकन बसली. तोंड दाबून बुक्क्यांचा मार खाल्ला होता, पण तोंड दाबलेलं राहिलं होतं. एक शब्द नाही. जावयाला एक शब्द नाही.

नवरा खाली आला. दोघा पुरुषांनी मिळून मांडव भिंतीला टेकवला. मग जावईबापू हात पुसत मावशीसमोर येऊन उभे राहिले. भुवयांपर्यंत चिखल आणि केसात दुधीचं एक पान.

"आई, एक बोलू का? रागावणार नसाल तर."

"बोला की, जावईबापू."

"नळ मी तोडला. चर मी खणला. फाटकाला दोर मीच बांधला. आणि बोलणी सगळी बाबांनी खाल्ली." त्यांनी केसातलं पान काढून हातात घेतलं. "सकाळपासून बघतोय. ते खुर्चीवर बसले तरी बोलणी, गच्चीवर गेले तरी बोलणी. तुम्ही माझ्याशी इतक्या गोड वागता आणि त्यांच्याशी असं. एक शब्दही उलट बोलले नाहीत हो ते. मला लाज वाटली."

"मी ठरवलंय," जावईबापू म्हणाले. "बाबांना मी घेऊन जातो. महिनाभर राहू द्या आमच्याकडे. त्यांना विश्रांतीची गरज आहे."

चोर सोडून संन्याशाला फाशी मावशीने दिली, हे खरं. पण आता चोरच संन्याशाची कड घेऊन तिला दरडावत होता. तिने नवऱ्याकडे पाहिलं. एवढ्या वर्षांचा संसार. हा माणूस आता म्हणेल, की अहो जावईबापू, गैरसमज होतोय तुमचा, ती बोलणी माझी नव्हतीच.

नवऱ्याने फाटक्या बाहीकडे पाहिलं, एक लांब उसासा टाकला आणि बॅग भरायला आत गेला.

जावईबापूंनी लेकीला फोन लावला आणि मावशीलाही ऐकू यावं म्हणून आवाज मोठा केला. "अगं, मी बाबांना आणतोय."

"आणा," लेक म्हणाली. "मी ऐकलं मघाशी. आई, ह्या वयात बाबांना असं बोलतात का?"

मावशी उभी राहिली. एका बाजूला चिमणीचा वाफा होता. तोंड मिटून ठेवलं, तर आठ दिवसांनी त्यात दोन छोटे हात बी टाकणार होते. दुसऱ्या बाजूला सगळ्या जगात, म्हणजे लेकीच्या आणि जावयाच्या घरात आणि संध्याकाळपर्यंत नर्सबाईंच्या तोंडून अख्ख्या गल्लीत, ती नवऱ्याला छळणारी बाई ठरणार होती. तिने गिळायचा प्रयत्न केला. खरंच केला. पण जे सकाळपासून गिळलं होतं ते आधीच गळ्यापर्यंत आलेलं होतं.

"जावईबापू," ती म्हणाली, "थांबा. आज ह्या घरात जी बोलणी झाली ना, ती एकूण एक तुमची होती. ह्यांची त्यात एकसुद्धा नाही. ह्यांना मी पोस्टाची पेटी केली. टाकलं ह्यांच्यात, पत्ता तुमचा होता. तो नळ गळत नव्हता, मी गळता ठेवला होता. विचारलंत? पान्हा फिरवलात तो असा, जणू नळ नाही, पाताळाचं झाकण उघडायचंय. पाण्याला वाट करायची तर उताराने करावी, हे बेडकालाही कळतं. तुम्ही पट्टीने केलीत. आणि दार बांधून मांडव तोलायचा म्हणजे चालत्या बसला म्हैस बांधण्यातला प्रकार. असेच पूल तुम्ही बांधत असाल तर मी आजपासून नावेने जाईन."

नवरा बॅग घेऊन दारात आला होता, तो तिथेच थबकला.

"आई," फोनमधून लेक म्हणाली, "झालं?"

"झालं."

"बरं वाटलं?"

"वाटलं. खोटं कशाला बोलू."

"आपलं काय ठरलं होतं?"

"ठाऊक आहे मला," मावशी म्हणाली. आवाज एकदम लहान झाला. तिने वाफ्याकडे पाठ केली.

"मग आम्ही येत नाही," लेक म्हणाली. तिचाही आवाज तेवढाच लहान झाला होता, पण लेक कोणाची, शब्द मागे घेणं तिला कोणी शिकवलं नव्हतं.

जावईबापू मात्र विचारात पडले होते. पूल कुठे टाकावा ह्याचा विचार करताना पडतात तसे.

"आई," ते हळूच म्हणाले, "असं तुम्ही बाहेरच्या माणसालाही बोलू शकता?"

"म्हणजे?"

"आमच्या मोरीचं काम काढलंय. गवंडी रोज येतो, चहा पितो, उद्या करतो म्हणतो आणि जातो. पावसाळा गेला, हिवाळा गेला, आम्ही शेजाऱ्यांकडे आंघोळ करतो. मागे मी त्याला म्हणालो, जरा लवकर झालं तर बरं होईल. तर तो रुसला. मग मीच त्याची समजूत काढली."

मावशीचा डावा डोळा बारीक झाला. "समजूत काढली? गवंड्याची?"

"बिस्किटं दिली."

मावशीने नवऱ्याच्या हातातली बॅग घेतली, त्याचे सदरे काढून खुर्चीवर ठेवले आणि आपल्या साड्या भरायला आत गेली.

"बाबांऐवजी आईच निघाल्यात," जावईबापू फोनमध्ये म्हणाले.

"अहो, तुम्ही आईला आणताय?" फोनमध्ये लेक चक्रावली होती.

"तू येणार नाही म्हणालीस," जावईबापू म्हणाले. "आईंनी येऊ नये असं कोणी म्हणालं नव्हतं."

मागून चिमणीचा आवाज आला, आजी येणार, आजी येणार, आणि मग लेकीला पुढचं काही बोलताच आलं नाही.

कंडक्टर फाटकापर्यंत सोडायला आला. महिनाभराची विश्रांती हातची गेली, म्हणून आधी त्याचा चेहरा पडला होता. पण जसजशी बॅग जावईबापूंच्या गाडीत गेली, जसजशी मावशी गाडीत बसली, तसतसं त्याच्या लक्षात येत गेलं, की विश्रांतीसाठी कुठे जायची गरजच नाही.

"मांडव सरळ करा," मावशी खिडकीतून म्हणाली. "नळ बसवून घ्या. कांदा काढून वाळवा."

"हो, हो," तो म्हणाला. "चला, पुढे चला."

गाडी गल्लीतून बाहेर पडली. जावईबापू चाक दोन्ही हातांनी धरून ताठ बसले होते. मोठ्या रस्त्याला लागायच्या आत मावशीचा फोन वाजला.

"मी मांडवाशी उभा आहे," नवरा म्हणाला. "दोर कुठल्या बाजूला ओढू?"

"अहो, एवढं साधं कळत नाही तुम्हाला? किती वर्षं झाली? डावीकडे घ्या."

गाडीचा दिवा टिकटिकला. जावईबापूंनी मान खाली घातली आणि गाडी डावीकडे घेतली.

"तुम्हाला नाही हो, जावईबापू," मावशी म्हणाली. "ह्यांना म्हणतेय."

"हो, आई," जावईबापू म्हणाले. समजलं, अशा अर्थाने त्यांनी मान हलवली. आता त्यांना पत्ता वाचता येत होता. एकदा चूक झाली, पुन्हा होणार नव्हती. गाडी डावीकडेच चालली.

"ऐकतेयस ना?" नवरा फोनवर म्हणाला. "डावीकडे ओढला. आता?"

मावशीने बाहेर पाहिलं. लेकीच्या घराचा रस्ता मागे उजवीकडे राहिला होता. समोर कुठलीतरी वखार होती, ओळीने ट्रक होते आणि जावईबापू निमूटपणे तिकडे निघाले होते. तिने सांगायला तोंड उघडलं. मग मिटलं. मग फोन कानाला नीट धरला.

"अहो," ती नवऱ्याला म्हणाली, "आता मागे वळा."

गाडी हळू झाली आणि मुकाट्याने मागे वळली.

मावशी टेकून बसली.

"वळलो," फोनमधून नवरा म्हणाला. "समोर भिंत आहे. आता काय करू?"

"आता सरळ चला," मावशी म्हणाली. "आणि तोंड न उघडता चला."